सातेरीसाठी घरचा मेणपत्रा: ऑक्टोबर ते एप्रिलच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३, रविवार

साताऱ्याजवळ मेढ्याला मामांकडे आलोय. सहा पेट्या, सगळ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या. पावसाळा कसाबसा निघाला, पाच बऱ्यापैकी भरलेल्या, तीन नंबर जरा मरगळलीय. आज मुद्दाम मागच्या उन्हाळ्यातल्या खराब फ्रेम माळ्यावरून खाली काढल्या, कारण त्यांच्यावर डोकं फोडायचं राहून गेलं होतं.

एकीचं चक्क पोट सुटलंय. पत्रा, म्हणजे पोळं बांधायला पाया म्हणून फ्रेमच्या तारेवर बसवलेला घरांच्या ठशाचा मेणाचा पातळ तक्ता, खाली घसरलाय आणि वरच्या तीन-चार ओळींतली घरं ताणून लांबट झालीयेत. मागच्या मे महिन्यात त्यात नुसते नर निघाले होते, सगळी टोपी (मेणाचं झाकण) आलेली उंच घरं, आणि मामा म्हणत होते राणी म्हातारी झाली. राणीचं काय नव्हतं हो. पट्टी लावली तर या विकतच्या पत्र्यावर दहा घरांना ५३ मिमी लागतात. मग दोन नंबरच्या पेटीतलं माश्यांनी स्वतःच्या मनाने बांधलेलं पोळं मोजलं, दहा घरं ४४ मिमी. म्हणजे सातेरीचा सांगून आम्हाला मेलिफेराचा (मोठ्या युरोपीय माशीचा) पत्रा टिकवला होता. सातेरीच्या हिशोबाने ते माप नराच्या घराच्याच जवळ जातं, मग राणी तिथे कामकरीचं अंडं घालेल कशाला.

माप चुकीचं हे कळलं. पण पोट सुटणं हे मापाने होत नाही, ते मेणाचं दुखणं आहे, त्यात काहीतरी मिसळलंय असा डाऊट आहे.

मामा म्हणाले, "आरं पत्र्याबिगर पण बांधत्यातच की." बांधतात, कोण नाही म्हणतंय, पण तिरकं बांधतात, एका फ्रेममधून दुसरीत घुसवतात, आणि नुसतं मोकळं कोवळं पोळं मधयंत्रात फिरवलं की फाटून तळाशी. तार टाकलेला पूर्ण पत्रा असला की पोळं यंत्रात टिकतं, मध काढून तेच पोळं परत पेटीत देता येतं, माश्यांना पहिल्यापासून मेण गाळत बसावं लागत नाही. मेण त्यांच्या पोटाखालच्या चार जोड्या ग्रंथींतून येतं, तेही साधारण बारा ते अठरा दिवसांच्या वयातल्या माश्यांना, आणि त्यासाठी मध भरपूर खाल्लेला लागतो. एक किलो मेणाला सहा-आठ किलो मध जातो असं सांगतात, आकडा इकडेतिकडे होईल पण फुकट नाही एवढं नक्की.

तर ठरलं, पत्रा घरी करायचा. आमच्याच पेट्यांच्या मेणाचा, ४४ मिमीच्या मापाचा.

१५ ऑक्टोबर

मेणाची परीक्षा. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, काचेच्या ग्लासात तळाला थोडं ओतलं आणि घरच्या पोळ्याचं मेण (हे शंभर टक्के खात्रीचं) हरभऱ्याएवढं टाकलं, सरळ तळाशी. मग चमच्या-चमच्याने पाणी घालत गेलो, दर वेळी ढवळायचं आणि थांबायचं. एका क्षणी तो तुकडा तळ सोडून मध्येच तरंगत राहिला, ना वर ना खाली. तिथे थांबलो. आता त्याच ग्लासात विकतच्या पत्र्याचा तुकडा सोडला. बोटाने नीट ओला करून सोडला, कारण बुडबुडा चिकटला की कुठलंही मेण वर येतं आणि आपण उगाच कुणावर तरी संशय घेतो. सोडल्यासोडल्या टुणकन वर. देवघरातल्या मेणबत्तीचा तुकडा त्याच्याही पुढे पळाला.

मधमाशीच्या मेणाची घनता ०.९६ च्या आसपास असते, पॅराफिन ०.९० च्या. त्यामुळे घरच्या मेणाच्या वर कुठेही तुकडा तरंगला तर त्यात हलकं काहीतरी आहे. नेमकं किती टक्के ते लॅबवाले सांगतील, मला फेकून द्यायला एवढं पुरे. दातांनी चावूनही बघितलं, शुद्ध मेण भुगा होऊन मग चिंगमसारखं होतं, हे पहिल्यापासून तेलकट. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला माल वरूनच तसा येतो. बरं.

२९ ऑक्टोबर

आठवडाभर जुनी पोळी गोळा केली. वाळलेली २ किलो ६०० ग्रॅम. काळी ठिक्कर, पिढ्यान् पिढ्या अळ्या वाढून प्रत्येक घरात कोषाचे पापुद्रे. सातेरीचं एक बरं, ही माशी झाडाचा डिंक आणून पेटीत लिंपत नाही, मेलिफेरासारखी चिकट घाण मेणात नसते.

पहिली चूक माझी. आईची लोखंडी कढई घेतली. (विचारून घेतली नव्हती, ती दुसरी चूक.) तासाभरात मेण पिवळ्याचं चॉकलेटी झालं आणि आईने कढईकडे बघून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहीत नाही. लोखंडात आणि तांब्यात मेणाचा रंग मरतो, स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमच घ्यायचं. हे मला माहीत होतं, म्हणून जास्त राग आला.

दुसऱ्या घाण्याला नीट केलं. पोळी रात्रभर पाण्यात भिजवली, म्हणजे ते कोषाचे पापुद्रे आधी पाणी पितात आणि मेण कमी पितात. मग गोणपाटाच्या पिशवीत भरून, तोंड बांधून, स्टीलच्या मोठ्या पातेल्यात पाण्याखाली दाबून ठेवली, वर वरवंटा. मंद गॅस. मेण ६२-६४ डिग्रीलाच वितळतं, खदखदा उकळायची गरजच नाही. मेण पिशवीतून गळून वर येतं, लाकडी पळीने पिशवी दाबत राहायचं, हात भाजतात.

बोअरच्या पाण्याने पहिल्या वडीखाली राखाडी स्पंज तयार झाला होता, जड पाण्यातल्या चुन्याचा आणि मेणाचा साबण होतो तो. मामींनी पागोळ्यांचं पाणी ड्रममध्ये साठवलेलं होतं, ते वापरलं आणि दुसरी वडी खालून सुद्धा स्वच्छ. मेण थंड पण हळूहळू होऊ द्यायचं, पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवलं, सगळा गाळ आपोआप तळाला बसला, सकाळी चाकूने खरवडून टाकला.

हाती आलं ८७० ग्रॅम. अडीच किलोतून एवढंच. कापडातून अजून एकदा गाळल्यावर रंग मोहरीच्या तेलासारखा आणि वास, काय सांगू, सगळ्या घराला.

१४ नोव्हेंबर, पाडवा

दिवाळीला सगळे मेढ्यात. साच्यासाठी ४४ मिमीचा एक तरी अस्सल पत्रा हवा होता, तो कुठून आणायचा यावर आठवडाभर अडलो होतो. आज जेवताना सहज बोललो तर मामा उठले, ट्रंक उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पत्रा काढून दिला. महाबळेश्वरला मध संचालनालयाच्या ट्रेनिंगला गेले होते तेव्हाचा, म्हणाले "आठवण म्हनून ठिवला हुता, त्येला वीस-बावीस वर्षं झाली". मला आधी बोलायला काय झालं होतं मामा.

वरून पांढरी भुकटी बसली होती, मला वाटलं बुरशी. बुरशी नाही, जुन्या मेणावर तो फुलोरा येतोच. बायकोचा हेअर ड्रायर दुरून फिरवला तर दहा सेकंदात सगळा पत्रा सोनेरी. पट्टी लावली, दहा घरं ४४.

अख्ख्या घरात असा एकच पत्रा आहे, फाटला तर परत नाही.

२६ नोव्हेंबर

साचा झाला. दोन डब्यांचं सिलिकॉन आणलं, एकात रसायन दुसऱ्यात हार्डनर. पत्रा गुळगुळीत टाईलवर थेंबभर मेणाने चिकटवला, भोवती लाकडी पट्ट्यांचं कुंपण केलं. पहिला थर ब्रशने हलकेच लावला, नाहीतर प्रत्येक घराच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकतो आणि साच्यात खड्डा, म्हणजे पत्र्यावर फोड. मग एका कोपऱ्यातून बारीक धार धरून ओतलं, आपोआप पसरू दिलं. चोवीस तास.

मग उलटवून, पत्रा तसाच आत ठेवून, दुसरी बाजू. इथे सिलिकॉनच्या कडांना व्हॅसलीन फासायला विसरलात की दोन्ही भाग एकजीव होतात आणि मग रडत बसा. मी विसरलो नाही, यूट्यूबवर तिघांना रडताना बघितलं होतं.

उघडताना डाव्या खालच्या कोपऱ्यात माझं नख लागलं आणि मामांच्या पत्र्यावरची दोन घरं दबली. साच्यात मात्र ती आधीच दबलेली आलीयेत, म्हणजे टाईलवर चिकटवतानाच अंगठा लागला असणार, नख उगाच बदनाम. आता जन्मभर प्रत्येक पत्र्यावर ती दोन घरं दबलेली येणार. मामांना पत्रा परत दिला, त्यांनी उजेडाकडे धरला, काही बोलले नाहीत, परत वर्तमानपत्रात गुंडाळला.

आज लगेच पहिला पत्रा ओतला. वितळलेलं मेण साच्यात ओतायचं, वरचा भाग दाबायचा, पाण्यात बुडवायचं. निघाला, घरं एकदम खणखणीत उठलेली, मी नाचलो. वजन केलं: ४६ ग्रॅम. कापून २०० बाय १३५ चा तुकडा आहे, त्याला ४६ ग्रॅम म्हणजे पावणेदोन मिमी जाडी, पत्रा कसला भाकरी आहे. ८७० ग्रॅममध्ये अठराच होतील. दाबून पातळ करायला गेलो तर मेण पसरायच्या आधीच थिजतं, एका बाजूला भोक आणि दुसऱ्या बाजूला ढेकूळ. सहा ओतले, सहाही परत वितळवले.

१० डिसेंबर

पद्धत बदलली. आधी साधा सपाट पत्रा करायचा आणि त्यावर नंतर ठसा उमटवायचा.

सागवानी फळी घासून गुळगुळीत केली, रात्रभर पाण्यात मुरवली. कोरडी फळी मेण सोडत नाही, हे दोन फळ्या वाया घालवून शिकलो. साताऱ्यात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून १८ बाय ५ सेंटिमीटर तोंडाचा आणि २५ खोल असा स्टीलचा अरुंद डबा करून घेतला, त्याने विचारलं हे काय अगरबत्तीचं आहे का. तो डबा भरायला घरचं मेण कमी पडत होतं म्हणून दीड किलो आग्याचं मेण विकत घेतलं, साडेपाचशे रुपये किलोने, आणि आल्याआल्या ग्लासातल्या परीक्षेला बसवलं, पास झालं. आपल्याकडे बाजारात येणारं मेण बरंचसं आग्याचंच असतं.

डबा गरम पाण्याच्या पातेल्यात, मेण ७० ते ७५ डिग्रीला. याच्या वर गेलं की थर नको इतका पातळ बसतो आणि थंड होताना तडकतो, खाली आलं की ओघळ. फळी सरळ खाली, सरळ वर, एक-दोन मोजायच्या आत. थेंब निथळला की पुन्हा. तीन डुबक्या, मग गार पाणी. कडा चाकूने सोडवल्या की फळीच्या दोन्ही बाजूंनी एकेक पत्रा साल सोलल्यासारखा अलगद सुटतो, हा सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात सुखाचा भाग आहे, मुलीने संध्याकाळभर तेच केलं.

ठशासाठी पत्रा कोमट पाण्यात मिनिटभर ठेवायचा, चाळीसच्या आसपास, म्हणजे तो कापडासारखा लवतो. साच्याच्या दोन चटयांमध्ये साबणाचं पाणी लावून ठेवला आणि वरून लाटणं फिरवलं. वजन २४ ग्रॅम! पण उजेडाकडे धरला तर काहीतरी विचित्र दिसत होतं.

घराचा तळ सपाट नसतो. तीन चौकोनी पाकळ्या मिळून खोलगट तळ होतो आणि त्यातली प्रत्येक पाकळी पलीकडच्या वेगळ्या घराच्या वाट्याची असते, म्हणजे अलीकडचं एक घर पलीकडच्या तीन घरांच्या पाठीवर बसतं. माझ्या लाटण्याने वरची चटई ताणून अर्धं घर पुढे सरकवली होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी सुंदर, एकमेकींशी संबंध शून्य, आणि जिथे खड्ड्यावर खड्डा आला तिथे पत्रा कागदाएवढा पातळ.

२४ डिसेंबर

लाटणं बाद. दोन्ही चटया प्लायवूडच्या दोन फळ्यांवर पक्क्या चिकटवल्या आणि फळ्यांना मागून बिजागऱ्या लावल्या, पुस्तकासारखं उघडतं-मिटतं. मामांचा ट्रेनिंगचा पत्राच आत ठेवून दोन्ही बाजू जुळवल्या आणि मगच स्क्रू आवळले. आता पत्रा आत ठेवायचा, मिटायचं, वर उभं राहायचं, दहा मोजायचे. माझं वजन ७४ किलो आहे, पुरतं. मुलगी उभी राहिली की ठसा फिका येतो.

नंतर वाचलं की जर्मनीतल्या योहानेस मेरिंग नावाच्या माणसाने १८५७ साली पहिला मेणपत्रा केला तोही असाच दोन लाकडी ठशांमध्ये दाबून, रुळाची यंत्रं नंतर आली. म्हणजे दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीच्या जागेवर मी दोन महिने आणि एका कढईनंतर पोचलो.

आज एकतीस पत्रे झाले. २३ ते २६ ग्रॅमच्या मध्ये.

७ जानेवारी २०२४

फ्रेमना तार ओवली, आडव्या तीन ओळी, छेडली की टुंग वाजेल इतकी ताणलेली. पत्रा तारेवर ठेवून बारा व्होल्टच्या जुन्या बॅटरीची दोन टोकं तारेला एक-दोन सेकंद टेकवली की तार तापून मेणात बसते. तीन सेकंद झाले तर तार पत्रा कापून खाली जाते, सुरीसारखी. दोन कापले. खालच्या बाजूला आणि कडेला चार-पाच मिमी जागा सोडली, उन्हाने पत्रा वाढतो, जागा नसली की लाटा येतात.

उत्साह एवढा होता की आजच दोन, चार आणि पाच नंबरला एकेक देऊन टाकला. मामा म्हणाले, "आत्ता फुलोरा कुठाय, थांब की म्हैनाभर." नाही थांबलो.

१४ जानेवारी

कुरतडले. दोन आणि पाचमधले पत्रे खालून करवतीसारखे दातेरी, पेटीच्या तळाला मेणाचा भुस्सा, आणि पाचमध्ये तर तेच मेण उचलून शेजारच्या जुन्या पोळ्याला डागडुजी केलीय. चारमध्ये नुसता चालून चालून मळवलाय. बाहेर मध येत नसेल तर सातेरीच्या लेखी नवा पत्रा म्हणजे आयता मेणाचा साठा. तीनही काढून घेतले. मामी तिळाच्या वड्या थापत होत्या, त्यांनी विचारलं काय झालं, मामांनी माझ्या वतीने उत्तर दिलं, "उंदरावानी खाल्लं माश्यांनी," आणि पुढे एक शब्द नाही. म्हैनाभर थांब असं पुन्हा म्हणाले असते तरी चाललं असतं.

१८ फेब्रुवारी

काटेसावर पेटलीय, ओढ्याच्या कडेला दोन पांगारे पण. पेटीच्या दारात माश्या पायांवर परागाचे गोळे घेऊन येतायत आणि पोळ्यांच्या वरच्या कडेला नव्या मेणाची पांढरी किनार दिसतेय. ही किनार बघायची, कॅलेंडर नाही.

संध्याकाळी चार पेट्यांत एकेक पत्रा, अंड्या-अळ्यांच्या पोळ्याला अगदी लागून पण मधोमध फोडून नाही. रात्री साखरेचा पाक, साखर आणि पाणी सारखं, वाटीत काड्या टाकून. मुद्दाम एका पेटीत पूर्ण पत्र्याऐवजी वरच्या पट्टीला फक्त दोन बोटं रुंद पट्टी चिकटवून दिलीय, मामांच्या जुन्या पद्धतीने, तुलना होईल.

२५ फेब्रुवारी

एक नंबर: दोन्ही बाजूंनी घरं उभी, बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन आणि चार: पाऊण. सूर्याकडे पाठ करून फ्रेम धरली, प्रत्येक घराच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखं एकेक उभं अंडं. सहा नंबरला पट्टी दिली होती, तिथे हृदयाच्या आकाराचं पोळं लोंबतंय, तळहाताएवढं, सरळच आहे, पण निम्मंच.

१७ मार्च

नव्या पोळ्यांतली पहिली पिढी बाहेर पडून दुसऱ्यांदा अंडी पडलीयेत. एक नंबरच्या फ्रेमवर टोपी आलेली घरं मोजली, नराची फक्त खालच्या कडेला पंधरा-वीस, जिथे ती असायलाच हवीत. दहा घरं ४४, दोन ठिकाणी ४५.

डाव्या खालच्या कोपऱ्यातली माझी दबलेली दोन घरं शोधली. सापडत नव्हती. मामांनी चष्मा लावून बघितलं, त्यांनाही नाही. माश्यांनी ती पाडून सरळ करून घेतलीयेत, एकात अळी पण आहे.

१४ एप्रिल

जांभूळ फुललीय, झाडाखाली उभं राहिलं की नुसता गुं गुं. वरच्या, मध साठवायच्या कोठीत पण पत्रे दिलेत, पण इथे दोनच डुबक्यांचे, १७ ग्रॅमवाले, आणि निम्मेच लांबीचे, उरलेलं त्यांचं त्या बांधतात. पहिला मध काढला, तीन पेट्यांतून. यंत्रात एकही पोळं फाटलं नाही, हँडल मात्र मी हळू फिरवत होतो, मामा पोरासारखं घाई करत होते.

दुपारी पेट्यांवर ऊन येतं तिथे थर्मामीटर ठेवला, झाकणाखाली ३८. एकाही पत्र्याचं पोट सुटलेलं नाही. खरी परीक्षा मे महिन्यात, पण पॅराफिनवाले गेल्या वर्षी एप्रिलमध्येच लोंबले होते.

हिशोब: एकतीस पत्र्यांतले दोन तारेने कापले, तीन कुरतडले, सोळा बांधून झाले, दहा ट्रंकेत, मामांच्या पत्र्याच्याच वर्तमानपत्रात. शुद्ध पत्र्याला मेणकिडा सहसा लागत नाही, त्या अळीला कोष आणि पराग असलेली जुनी काळी पोळीच आवडतात. तीन नंबरच्या पेटीला मात्र तीच अळी लागली, माश्या मार्चअखेर उठून गेल्या, जाळ्यांनी भरलेली पोळी काल जाळली. ती पेटी धुऊन, उन्हात ठेवून, आत त्या दहांतलाच एक पत्रा लावून ओढ्याच्या काठच्या उंबराला टांगलीय, थवा आला तर आला.

मधाच्या टोप्यांचं मेण ३१० ग्रॅम निघालं, एकदम लिंबाच्या रंगाचं. मामांच्या शेजारच्या वाडीतल्या दोन मधपाळांनी पत्रे मागितलेत. पैसे नको म्हटलं, मेण द्या, एक किलो शुद्ध मेणाला पंचवीस पत्रे, घट आणि माझी मजुरी धरून उरलेलं माझं. एकाने लगेच वडी आणून दिली. मामांनीच ग्लास आणि स्पिरिट काढलं, त्याच्यासमोर.